पावसाळा सरल्यावर ठाण्यात गावासारखा निवांत शनिवार-रविवार कसा घालवता येईल?

तुम्ही दोघं जूनमध्ये ठाण्याला राहायला आलात, पाऊस आता ओसरतोय, आणि लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत न अडकता एखाद्या लहान गावात घालवावेत तसे दोन दिवस हवे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं सांगणं एवढंच, की कुठेही जाऊ नका. तलावपाळी, जांभळी नाका, खारकर आळी, नौपाडा हा जुन्या ठाण्याचा पट्टा अजून गावच आहे. मी एकतीस वर्षं इथे राहतेय. फक्त हे गाव सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर भेटतं.

त्याला कारण आहे. मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. ढग गेले की ऊन थेट लागतं आणि हवेत दमटपणा तसाच असतो, त्यामुळे दुपारी घामाच्या धारा. पण पहाटे चारनंतर अंगावर चादर ओढावीशी वाटते. आपल्याकडचा शरद एवढाच, दिवसाच्या दोन टोकांना.

शनिवारी सहाला घराबाहेर पडा. जुन्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी या दिवसांत पारिजातकाचा सडा पडलेला असतो. चार फुलं उचलून हातरुमालात ठेवा, थोड्या वेळात केशरी देठांचा रंग कापडाला लागलेला दिसेल. तिथून मासुंदा तलाव आणि काठावरचं कोपिनेश्वराचं देऊळ. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं, आणि पुढे 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. सकाळच्या वेळी सभामंडपात म्हातारी माणसं पोथी वाचत बसलेली असतात. तुम्हीही बसा थोडा वेळ, तिथली फरशी छान गार असते. भूक लागली की मामलेदार कचेरीजवळची मिसळ खा, पण पहिल्या खेपेला कमी तिखट सांगा.

येताना जांभळी नाक्यावरून ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणा. या मोसमातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. शेंगांना माती चिकटलेली असते, तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. कुकरमध्ये शेंगा बुडतील इतकं पाणी, मूठभर मीठ, चार शिट्ट्या. लगेच उघडू नका, अर्धा तास त्याच पाण्यात मुरू द्या, नाहीतर मीठ टरफलातच राहतं आणि दाणा अळणी लागतो. नीट मुरलेली शेंग दाताखाली फोडली की आधी खारट पाण्याचा घोट येतो, मग मऊ गुलाबी दाणा. वर्तमानपत्र पसरून दुपारभर गप्पा मारत खायच्या. सोबत वाचायला हवं असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हा. 1893 पासूनची संस्था आहे, आणि तिथल्या कपाटांमधून हिंडण्यातही एक सुख आहे.

रविवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची बाग. वेळ आधी विचारून जा, आणि ऊन थोडं चढल्यावर पोचा, कारण पंख तापल्याशिवाय फुलपाखरं नीट उडत नाहीत. पावसानंतरचे हे आठवडे त्यांचेच. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉरमॉन, 2015 पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. ते लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. त्याचंच एक लहान भावंड आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर येतं. त्याची बारकी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे कळल्यापासून मी फोडणीला पानं तोडताना आधी मागची बाजू बघते.

आणि जमलं तर यातला एक दिवस कोजागिरीच्या जवळ येईल असं बघा, म्हणजे आश्विन पौर्णिमा. दोन लिटर दूध मंद आचेवर, पाऊण होईपर्यंत आटवा, बुडाला लागू देऊ नका. साखर, वेलची, किसलेलं जायफळ, चारोळी, थोडं केशर. पातेलं गच्चीवर न्या आणि चंद्र वर येईपर्यंत थांबा, दुधात त्याचं बिंब दिसलं की मगच पेले भरायचे. शेजाऱ्यांना जरूर बोलवा. तुम्ही नवीन आहात, ओळखी व्हायला याहून चांगली रात्र नाही. फक्त येताना पेले घरून आणा असं सगळ्यांना सांगून ठेवा, आमच्या इमारतीत तसंच करतात.