तैपेईचं नाइट मार्केट आणि शाकाहारी आई

प्रश्न : ताई, आईला घेऊन तैपेईला चाललोय, ती शुद्ध शाकाहारी आहे. एकच संध्याकाळ मोकळी आहे, तर कुठल्या नाइट मार्केटला जाऊ आणि तिला तिथे खायला काय मिळेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, राओहेला जा! मेट्रोची हिरवी लाइन सोंगशानला संपते, वर आलं की समोरच माझू देवीचं त्सयौ देऊळ, १७५३ सालचं, कंदिलांनी नुसतं उजळलेलं असतं. आधी आईंना तिथे नमस्कार करू द्या, मार्केट अगदी बाजूलाच सुरू होतं आणि एकच सरळ गल्ली आहे म्हणून चुकायची भीती नाही, वयस्कर माणसांना तर हेच बरं.

तोंडाशीच मिरीच्या बन्सची मोठी रांग दिसेल, आपल्या तंदूरसारख्या भट्टीत आतल्या भिंतीला गोळे चिकटवतात, वरून तीळ, वास इतका भारी की पाय थबकतातच, पण आत डुकराचं मांस असतं हो, आईंना फक्त भट्टी दाखवा. 'सू' (素) म्हणजे शाकाहारी, ते चिनी अक्षर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि पाटीवर शोधा. मात्र 'सू'मध्येही कधी अंडं असतं, तेवढं विचाराच. आंबवलेलं टोफू शाकाहारी वाटतं पण त्याच्या खारवणात बऱ्याचदा कोळंबी वगैरे असते, ते नकोच. कापलेली फळं, भाजलेलं रताळं बिनधास्त घ्या.

सुटे पैसे ठेवा, आणि परतताना मेट्रोत काही खाऊ नका, पाणीसुद्धा पिऊ नका, दंड होतो.