ट्रेलर विकू नका, पोराला यार्डात येऊ द्या

पत्र : मी कळंबोलीला ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. माण तालुक्यातून 1996 साली क्लीनर म्हणून आलो, आज स्वतःचे सात ट्रेलर आहेत. न्हावाशेव्याहून कंटेनर उचलून चाकण-रांजणगावला पोचवतो. मुलाला बारावीला 71 टक्के आणि सीईटीला 82 पर्सेंटाइल आहेत. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचं माझं ठरलंय. एक कॉलेज डोनेशन घेऊन सीट देतंय, त्यासाठी एक ट्रेलर विकायची तयारी आहे. पण मुलगा मला परदेशातले व्हिडिओ दाखवतो. ट्रेलरच्या एक्सलला मोटर आणि खाली बॅटरी. म्हणतो, मला हेच करायचंय. अहो, ट्रेलर म्हणजे ओढायचं धूड, त्याला कसली मोटर? घाटात मागून ढकलला तर गाडी दुमडून दरीत जाईल. मी आजवर त्याला यार्डात पाऊल टाकू दिलेलं नाही. माझे हात काळे झाले ते झाले, त्याचे होऊ नयेत. त्याची समजूत कशी काढू?

उत्तर :

नमस्कार.

मार्कांचं नंतर बघू. यार्डात पाऊल टाकू दिलेलं नाही, या वाक्यापाशी मी अडकले. क्लीनरपासून सुरुवात करून सात ट्रेलर उभे केलेत. ते करताना जे शिकलात, ते घरातल्या एकुलत्या एका विद्यार्थ्यापासून अठरा वर्षं लपवून ठेवलंत. डिझेलच्या वासाची तुम्हाला लाज वाटते, असं मी म्हटलं तर राग येईल. येऊ द्या. माझ्याकडे ऊसवाले येतात, गॅरेजवाले येतात, परवा एक बेकरीवाले आले होते. सगळ्यांचं एकच, ‘आमच्यासारखं नको’. पोरगं त्यातून एवढंच शिकतं की, आपला बाप करतो ते काम हलकं आहे. तुमचा मुलगा ते शिकला नाही. यार्ड बंद ठेवलंत तर तो मोबाइलवर ट्रेलर बघत बसला. त्याची समजूत मी काढणार नाही.

आता मोटरवाल्या ट्रेलरचं. तुमची शंका अडाणी मुळीच नाही. वळणावर ट्रेलरने हॉर्सला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला, रेटलं तर गाडी कात्रीसारखी मिटते, हे तुम्ही घाटात डोळ्यांनी पाहिलं असणार. ही यंत्रणा बनवणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न तोच होता. गैरसमज एवढाच, की मोटर लावली म्हणजे ट्रेलर ढकलणार. तो ढकलत नाही, स्वतःचं ओझं थोडं हलकं करतो. कॅलिफोर्नियातल्या रेंज एनर्जी या कंपनीची तऱ्हा बघा. हॉर्सवरच्या फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे जोडणीच्या तबकडीत, ट्रेलरची जी खुंटी अडकते त्या किंगपिनपाशीच त्यांनी सेन्सर बसवलाय. हॉर्स किती जोराने ओढतोय, ते तो क्षणाक्षणाला मोजतो. ओढ वाढली की एक्सलची मोटर हात देते, कमी झाली की गप्प बसते. ओढ पूर्ण संपू द्यायची नाही, हॉर्स कायम थोडा पुढे ओढतच राहिला पाहिजे, हे त्यातलं मुख्य सूत्र. ड्रायव्हरने ब्रेक मारला की तीच मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरते. पुढचा हॉर्स डिझेलचा असला तरी चालतं, हे तुमच्यासारख्याला सगळ्यात महत्त्वाचं.

हिशेब तुमच्याच रस्त्यावर मांडते. हॉर्स, ट्रेलर, माल मिळून 40 टन धरा. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार साधारण 500 मीटरचा. तेवढं वजन तेवढं खाली आलं की 54 युनिट ऊर्जा मोकळी होते. वीजबिलातली युनिटं, तीच ही. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते, थोडी इंजिन आवरून धरतं, उरलेली ब्रेकचे लायनर आणि ड्रम तापवण्यात. लायनरचा खर्च तुम्ही दरवर्षी भरताच की! रेंज एनर्जीच्या ट्रेलरखालची बॅटरी 200 युनिटांची आहे. म्हणजे घाटात जळतं त्यातलं निम्मं जरी परत आलं, तरी ती थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही.

आणि हे फक्त अमेरिकेतलं खूळ म्हणून सोडू नका. जर्मनीत आखनजवळच्या ट्रेलर डायनॅमिक्स या कंपनीने क्रोने या ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीबरोबर असाच ट्रेलर उभा केला. युरोपीय संघाने 2024 साली नियमच केलाय की 2030पर्यंत नव्या सेमी-ट्रेलरमागे कार्बन 10 टक्क्यांनी उतरला पाहिजे. तेव्हा तिथे ट्रेलर हे नुसतं धूड उरलेलं नाही. तुमच्या एखाद्या ट्रेलरखाली यॉर्कचा एक्सल असेल तर जरा वाकून बघा. ती कंपनी 2018 साली साफ-हॉलंड या जर्मन कंपनीने घेतली, आणि साफ-हॉलंड मोटरवाले एक्सल बनवते. मुलगा व्हिडिओत जे बघतो, त्याचं निम्मं नातं तुमच्या यार्डातच पडलंय.

मुलालाही चार गोष्टी ऐकवते, कारण तोही थोडा हवेत आहे. बाळा, आपल्याकडे सरकारने 2025 साली पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून इलेक्ट्रिक ट्रकला 9 लाख 60 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. जोडगाडी असेल तर ती फक्त हॉर्सला मिळते. मागचा ट्रेलर त्यात धरलेलाच नाही. शिवाय 200 युनिटांची बॅटरी टनाच्या वर भरते, तेवढं मालाचं भाडं बुडालं. तिसरी अडचण मला एका ट्रान्सपोर्टवाल्यानेच सांगितली : हॉर्स पळत राहतो, ट्रेलर मात्र कंटेनर खाली व्हायची वाट बघत दोन-दोन दिवस उभे. महागडी बॅटरी अशी उभी ठेवणं कुणाला परवडेल? बाबांना विचार, ते बोटांवर हिशेब करून सांगतील. त्यामुळे ‘ई-ट्रेलर इंजिनिअर’ व्हायचं असं काही ठरवू नकोस. उद्या हे उत्पादन चाललं नाही तरी मोटर, तिला वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक्स, बॅटरीची उष्णता, ब्रेक आणि हॉर्स-ट्रेलरमधलं वायरीतलं बोलणं, यांचं शिक्षण फुकट जात नाही. हॉर्सने ब्रेक मारला की ट्रेलरला कळवायचं कसं, याचं आयएसओ 11992 नावाचं मानक आहे. नाव लिहून ठेव, तिसऱ्या वर्षाला उपयोगी पडेल.

प्रवेशाचं एका ओळीत : कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीला, इलेक्ट्रिकल पहिलं, मेकॅनिकल दुसरं भरा, जवळचं आणि कमी फीचं कॉलेज निवडा. नावात ‘ईव्ही’ आहे म्हणून नवी कोरी शाखा घेऊ नका. पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे, भोसरीला सीआयआरटी ही रस्तेवाहतुकीची संस्था आहे, तिथले छोटे कोर्स आणि इंटर्नशिप नंतर बघता येतील.

डोनेशनबद्दल स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, घेणं 1987च्या कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजचं नाव तुम्ही कळवलं नाहीत ते बरंच केलंत. कमावता ट्रेलर विकून अशी सीट घ्यायची, तीही मुलाला नको असलेल्या शाखेची, या व्यवहाराला तुम्ही धंद्यात कधी हात लावला असता का? समोरच्याला दारातूनच परत पाठवलं असतं. कॉम्प्युटरला माझा विरोध नाही, आवडीने गेलेली पोरं छान शिकतात. पण ‘हात काळे होऊ नयेत’ हे शाखा निवडायचं कारण धरून चालणार नाही. लग्नाच्या बाजारात ट्रान्सपोर्टचं नाव चालत नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. माझ्यासमोर बसला असतात तर पाचव्या मिनिटाला निघालं असतं.

कॅपच्या याद्या लागेपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. मुलाला हजार-दीड हजाराची थर्मामीटर गन घेऊन द्या, दुरून तापमान दाखवते ती. तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या, शांत ड्रायव्हरबरोबर त्याला चाकणहून भरलेल्या गाडीत न्हावाशेव्याला पाठवा. घाट उतरायच्या आधी एकदा आणि खोपोलीला गाडी सुरक्षित जागी उभी राहिली की लगेच, ट्रेलरच्या प्रत्येक ड्रमचं तापमान त्याने वहीत लिहायचं. माल किती टन होता, घाट कुठल्या गिअरमध्ये उतरला, तेही. अशा चार खेपा. दुसऱ्या खेपेला तुम्ही बरोबर जा. कुठलाही ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला दिसला तर स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढील जुळवणारा भाग, कसा तपासायचा, ते तुम्हीच त्याला खाली झोपून दाखवा. कपडे खराब होतील, होऊ द्या.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि वहीतली ती पानं सोबत पाठवा. इलेक्ट्रिकल पहिलंच ठेवायचं की मेकॅनिकल वर घ्यायचं, ते आकडे बघून सांगते.