आधी वजाबाकी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. हवा शुद्ध करणारे यंत्र, शरीर आतून स्वच्छ करणारी पावडर, काचेच्या बाटल्या, हवेतली विषे शोषून घेतात म्हणे अशी सहा झाडे, नवीन तवे, ‘केमिकल-फ्री’ साबण अशा चौदा वस्तू तू लिहिल्या आहेस आणि यांतले आधी काय घ्यावे असे विचारले आहेस. यादी मी दोनदा वाचली. तीत घराबाहेर काढायची गोष्ट एकही नाही, सगळ्या आत आणायच्या आहेत. यादीखाली मात्र तू जाता जाता एक ओळ लिहिली आहेस, की खिडकीच्या जुन्या लाकडी चौकटीचा रंग सुटू लागला आहे आणि येत्या सुट्टीत तो सँडपेपरने घासून काढण्याचा तुझा विचार आहे. खरे तर त्या एका ओळीमुळे हे उत्तर तातडीने लिहिते आहे. तेवढे काम थांबव. कारण पुढे सांगते.

माझी सगळी नोकरी कारखान्यांतल्या कामगारांच्या श्वासात आणि रक्तात काय काय जाते ते मोजण्यात गेली. त्या कामात उपायांचा एक क्रम ठरलेला असतो. अपायकारक पदार्थ शक्य असेल तर काढूनच टाकायचा, ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी अपायाचा आणायचा, तेही होत नसेल तर हवा खेळती करायची, आणि तोंडाला मास्क बांधणे हा सर्वांत शेवटचा, सर्वांत कच्चा उपाय समजायचा. नवखा व्यवस्थापक नेमका शेवटून सुरुवात करतो, कारण मास्क विकत मिळतात. तुझी यादी वाचताना मला त्या व्यवस्थापकांची आठवण झाली, राग मानू नकोस.

‘केमिकल-फ्री’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. पाणीही रसायनच आहे. सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याने सांगितले होते की पदार्थ विष ठरतो तो मात्रेमुळे, आणि ते सूत्र आजही टिकून आहे, फक्त त्याला काळाची जोड द्यावी लागते. प्लास्टिकमधून येणारे बिस्फेनॉल ए (बीपीए) शरीरातून काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते. ते सतत सापडते ते आपण रोज नव्याने घेतो म्हणून, आणि त्यामुळेच रोजची सवय बदलली की त्याचे प्रमाण लवकर उतरते. शिसे मात्र हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. पाणी आणि तेल न धरणाऱ्या वस्तूंसाठी वापरली गेलेली पीफास गटातील काही रसायने तर अशी आहेत की त्यांचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच काही वर्षे लागतात. तेव्हा एखाद्या प्रवासात प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी प्यायलास म्हणून मन खाण्याचे कारण नाही, पण जे शरीरात साठते त्याच्याशी एकदाही हलगर्जीपणा नको.

पावडर यादीतून खोडली आहे. यकृत आणि मूत्रपिंडे हेच काम दिवसरात्र करतात आणि त्यांना कोणत्याही पावडरीने वेग येत नाही. उलट अशा पूरक पावडरींमध्येच शिशासारखे जड धातू सापडल्याची उदाहरणे आहेत. यकृत-मूत्रपिंडांना मदत करायची तर पुरेसे पाणी, झोप आणि मद्य टाळणे एवढे पुरते. मद्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात घातले आहे, हे मात्र ‘डिटॉक्स’ विकणारे सहसा सांगत नाहीत.

धूर हा घरातला सर्वांत मोठा शत्रू. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर यादीतल्या चौदाही वस्तूंचा विचार नंतर; आणि खिडकीशी उभे राहून ओढल्याने काही साधत नाही, कारण धूर पडद्यांत, गाद्यांत, कपड्यांत मुरतो. स्वयंपाकाचा धूरही हलका समजू नकोस. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तेल तापून धुरावले की सूक्ष्म कण उठतात. तुझ्या यादीतला स्वयंपाकघराचा पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. नुसती जाळीतून गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेल अडवते, वायू अडवत नाही. तो पंखा शेगडी पेटवण्याआधी सुरू कर आणि विझवल्यावरही दहा मिनिटे चालू ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, यावरून या कणांबद्दलचे ज्ञान कोणत्या दिशेने चालले आहे ते कळेल. तुझ्या घराबाहेर रहदारी मोठी असेल तर खिडक्या ती कमी असतानाच उघड, आणि तशा जागी झोपायच्या खोलीत हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, गाळणीचे यंत्र ठेवायला माझी हरकत नाही. ते कण अडवते, वायू नाही, एवढे लक्षात ठेव. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणारे यंत्र मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नकोस, तो वायू फुप्फुसांना जाळतो.

झाडे हौसेने लाव. पण १९८९ च्या नासाच्या ज्या प्रयोगावरून ही कल्पना पसरली तो लहानशा बंद पेटीत केलेला होता. नेहमीच्या खोलीत वाऱ्याच्या येण्याजाण्याने जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील असा हिशेब पुढे संशोधकांनी मांडला. खिडकी स्वस्त पडते.

आता धूळ, आणि तुझी खिडकी. सकाळी तिरपे ऊन आत येते तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावरून ओले पांढरे फडके एकदाच फिरव आणि ते उजेडात धर. करड्या थरात कपड्यांचे तंतू दिसतील, बाहेरची माती दिसेल, आणि जुन्या रंगाचे बारीक कपचे दिसतील, विशेषतः झडप जिथे चौकटीला घासते त्या रेषेवर. जुन्या तैलरंगांत शिसे असे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, अनेक देशांत ती फार उशिरा आली आणि काही ठिकाणी अजूनही तसा कायदा नाही. म्हणून जुना रंग शिशाचाच आहे असे धरून चालावे. तो कोरडा घासलास तर त्याची पीठासारखी पूड होऊन घरभर बसेल, तुझ्या श्वासात जाईल आणि बोटांवरून तोंडात जाईल. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच ठाऊक नाही. मोठ्यांमध्ये ते रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडे बिघडवते.

एकदा एका कामगाराच्या रक्तात आम्हाला अपेक्षेइतकेच शिसे सापडले, पण त्याच्या घरी रांगणाऱ्या मुलीच्या रक्तातही बरेच निघाले. कारखान्यातले बूट तो दाराच्या आत काढत असे आणि ती त्याच सतरंजीवर खेळत असे. तेव्हापासून माझ्या घरात चपला उंबऱ्याबाहेर राहतात आणि केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. कोरडा झाडू धूळ नुसती उडवतो, आणि हेपा नसलेला व्हॅक्यूम क्लीनर तिचा सर्वांत बारीक भाग मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. यादीतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा हे फडके जास्त काम करील.

घर जुने असेल तर नळही पाहा. रात्रभर पाइपात थांबलेले पाणी सकाळी थोडे वाहू दे (ते झाडांना घाल), आणि पिण्या-शिजवण्यासाठी थंड नळाचेच पाणी घे, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटते तसे ते दाटते.

स्वयंपाकघरात नवे काही आणण्याची घाई नको. प्लास्टिकच्या डब्यात कोरडे जिन्नस ठेवायला हरकत नाही. त्यात गरम किंवा तेलकट पदार्थ घालणे आणि तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे तेवढे बंद कर. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या डब्यांत पुष्कळदा त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल एस असतो, म्हणून त्या शब्दांवर पैसे घालवू नकोस. न चिकटणारा तवा रिकामा, मोठ्या आचेवर तापत ठेवू नकोस; सुमारे २६० अंशांपुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि फार तापला तर निघणाऱ्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

मोरीच्या कोपऱ्यातल्या बाटल्यांबद्दल स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण शिकलेली माणसेही मूर्खपणा करतात. हिरवट डाग जाईनात म्हणून मी एकदा आम्लाचे क्लीनर ओतले आणि तेही पुरेना म्हणून त्यावरच ब्लीच ओतले. दार बंद होते. क्षणात क्लोरीनचा तो ओळखीचा, नाक सोलणारा वास आला. ज्या वायूची मापे मी दुसऱ्यांच्या कारखान्यात घेत असे तो मी माझ्याच मोरीत तयार केला होता. दोन दिवस खोकले. ब्लीच आम्लात मिसळू नकोस, अमोनियातही नाही, आणि खरे तर एवढ्या बाटल्या ठेवूच नकोस. साबण आणि पाणी बहुतेक ठिकाणी पुरतात. सुगंधी फवारेही त्या बाटल्यांबरोबर काढून टाक. वास येतो तेव्हा कारण शोधायचे असते, त्यावर दुसरा वास मारायचा नसतो.

त्वचा उजळ करणारी क्रीम वापरत असशील तर वेष्टन नीट वाच. मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल म्हणजे पारा, आणि घटकांची यादीच नसेल तर ते संशयाचे पहिले कारण. २०१३ साली झालेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार अशा प्रसाधनांच्या विरोधात आहे, तरी ती विकली जातात.

तुझ्या चौदांपैकी माझ्या मते दोनच वस्तू उरतात, पंखा आणि, जागा तशी असेल तर, गाळणीचे यंत्र. चौकटीचे सुटलेले तुकडे ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांध, त्या जागेवर रुंद चिकटपट्टी लाव, आणि रंगाचा एक कपचा प्रयोगशाळेत तपासायला दे. शिसे निघाले तर तो रंग ओल्या पद्धतीने, खोली झाकून, त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच काढून घ्यावा लागेल. अहवाल आला की त्यातला आकडा मला जसाच्या तसा लिहून पाठव.

कळावे.