गाडीचं तोंड रस्त्याकडे

वाचकांचे प्रश्न, एसटीच्या एका निवृत्त वाहतूक नियंत्रकाची उत्तरं

प्रश्न : काका, माझं वय 34. राहायला डोंबिवलीत, ऑफिस ऐरोलीला. मुलगा दुसरीत आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ठरवते की पहाटे पाचला उठायचं, अर्धा तास चालायचं, दिवसभराची कामं लिहून काढायची आणि मग डब्यांना लागायचं. दोन दिवस जमतं. तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपते आणि सव्वासहाला उठून नुसती धावाधाव. मोजा एकच सापडतो, डब्याचं झाकण सापडत नाही, मुलावर ओरडते आणि दिवसभर त्याचंच वाईट वाटतं. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : ताई, दोन पानांच्या पत्रात तुम्ही उठायची वेळ चार ठिकाणी लिहिली आहे. झोपायची एकदाही नाही. मी चष्मा पुसून परत वाचलं.

तुम्हाला आमच्या मुक्कामाच्या गाडीचं सांगतो. संध्याकाळी साडेसातला स्टँडवरून शेवटची गाडी डोंगरातल्या गावाला जायची आणि रात्रभर तिथंच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे. काही गावांत रोज एकेका घरून पाळीनं भाकरी यायची. सकाळी सव्वापाचला तीच गाडी दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि कोर्टात तारीख असलेली माणसं घेऊन तालुक्याला निघायची. आमच्या डेपोत सगळ्यांत नेमानं वेळ पाळणारी फेरी कुठली, तर ही. डेपोतून सुटणाऱ्या, सगळ्या सोयी हाताशी असलेल्या गाड्यांना उशीर व्हायचा, हिला नाही.

कारण तिचं पहाटेचं काम रात्रीच उरकलेलं असायचं. एक जुने ड्रायव्हर होते, जेवायला बसायच्या आधी गाडी वळवून ठेवायचे, तोंड रस्त्याकडे. तीही उतारावर, चाकाखाली दगड देऊन. थंडीत सेल्फ लागला नाही तर दगड काढायचा, चार पोरांनी हात लावायचा, गाडी उतारानं चालू. कंडक्टर कंदिलाच्या उजेडात तिकिटं आणि पैसे जुळवून वे-बिल लिहून ठेवायचा. सकाळी डोळे चोळत उठलेल्या माणसाला डोकं चालवायची गरजच नव्हती. चढायचं आणि डबल बेल द्यायची.

तुमच्या घरात सकाळी सव्वासहाला जे शोधलं जातं, त्याची मी पत्रावरून यादी केली. मोजे, झाकण, ओळखपत्र, पाण्याची बाटली, गृहपाठाच्या वहीवरची सही. यातलं एकही काम सकाळचं नाही. हे सगळं रात्री नऊला पंधरा मिनिटांत होतं, आणि ते सगळं तुम्हीच करायला हवं असंही नाही. दुसरीतला मुलगा स्वतःचे मोजे बुटात घालून ठेवू शकतो. त्याला नुसतं ‘बुटांचं तोंड दाराकडे करून ठेव’ म्हणा, खेळ समजून करेल. भाजी चिरून ठेवायची की नाही, ते तुमच्या घरच्या रीतीनं. आमच्याकडे रात्रीची चिरलेली भाजी चालत नाही, पण डब्यात काय द्यायचं हे तरी रात्री ठरतं. सकाळी अर्धा वेळ त्या विचारातच जातो. यजमानांचा उल्लेख पत्रात एकदाच आहे, ‘हे झोपलेले असतात’. त्यांनाही एक फेरी लावून द्या. बाटल्या भरणं आणि वहीवर सही, एवढंच.

आणि पाचचा हट्ट सोडा. सव्वासहाची गाडी एकदम पाचला आणायची म्हटलं तर आदल्या रात्रीचं सगळंच सव्वा तास अलीकडे आणावं लागेल. तुम्हाला झोपायला बारा वाजत असणार, असा माझा अंदाज. मग पाचला उठणार कशा? तिसऱ्या दिवशी शरीर आपली थकबाकी वसूल करतं, त्यात जिद्दीचा काय संबंध? आधी झोप पंधरा मिनिटं अलीकडे आणा, मग गजर पंधरा मिनिटं अलीकडे. त्यावर महिनाभर राहा. चालण्याचं म्हणाल तर तुम्हीच लिहिलं आहे की स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षा लागते आणि चाललं तर वीस मिनिटं. अहो, मग चालणं तुमच्या रोजच्या रस्त्यातच आहे. पहाटे उठून वेगळं कशाला शोधताय? जाताना घाई असते, येताना चाला. पावसाळ्यात रिक्षा करा, कोणी विचारणार नाही.

*

प्रश्न : मी पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. चार रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं आहे, अभ्यासिकेत टेबलासमोर चिकटवलं आहे. 21 दिवस सलग केलं की सवय लागते असं ऐकलं होतं. 19 दिवस रोज दहा तास झाले. विसाव्या दिवशी ताप आला. एकविसाव्या दिवशी भरपाई म्हणून पंधरा तास बसलो, त्यानंतर तीन दिवस पुस्तक हातात धरवेना. आता परत पहिल्यापासून मोजायचे का?

उत्तर : अरे, मोजायचं कशाला?

हे 21 दिवसांचं प्रकरण माझ्या मुलीनं मला समजावलं, ती मानसशास्त्र शिकवते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी 1960 साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान 21 दिवस लागतात. यातला ‘निदान’ वाटेत गळाला आणि चेहऱ्याच्या जागी अभ्यास, व्यायाम, सगळंच आलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकेक नवी सवय लावून बघितली. कोणी जेवणाबरोबर पाणी पिणार, कोणी पळायला जाणार. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं. पण कोणाचं काम 18 दिवसांत झालं, तर कोणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. तुझ्या कामाचं त्यात हे आहे की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. म्हणजे तुझा ताप माफ आहे. घोळ घातला तो पंधरा तासांच्या भरपाईनं.

हे मला लंडनहून कळायची गरज नव्हती. घाटात दरड आली आणि दुपारी एकच्या फेरीला लागायची गाडी स्टँडवर येतानाच अडीच तास अडकली, तर नियंत्रक काय करतो? ती आल्यावर एकची राहिलेली फेरी साडेतीनला सोडत बसत नाही. ती फेरी रद्द करतो आणि गाडी चारच्या फेरीला वेळेवर लावतो. एकच्या प्रवाशांचा राग मी तोंडावर घेतलेला आहे, फार गोड नसतो. पण भरपाई करत बसलं की चारची गाडी सहाला, सहाची आठला, आणि मुक्कामाची गाडी मध्यरात्री गावात. एका दरडीपायी अख्खा दिवस सांडतो. तेव्हा चुकलेला दिवस म्हणजे रद्द फेरी. शेरा लिहायचा आणि पुढची वेळ गाठायची.

आता त्या चौरंगी वेळापत्रकाविषयी. फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यात सकाळी 6 ते रात्री 11 एकही मोकळी जागा नाही. जेवणाला वीस मिनिटं. बाळा, मेसमध्ये रांगच वीस मिनिटांची असते! शेवटच्या स्टॉपवर गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी करतात, ती काही कंडक्टरला चहाची आवड म्हणून नाही. वाटेत झालेला उशीर तिथं जिरतो. प्रत्येक तीन तासांमागे अर्धा तास रिकामा ठेव आणि त्याला रंग देऊ नकोस.

आणखी एक. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, आणि तुझ्या तक्त्यात ‘वाचन’ अकरा ठिकाणी, ‘लेखन’ कुठंच नाही. अभ्यासिकेत पोचलास, बाटली ठेवलीस की पहिलं काम एक उत्तर हातानं लिहायचं. मोबाइल न उघडता. एकच. ते वाईट येईल, येऊ दे.

*

प्रश्न : आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले. नोकरीत असताना घड्याळ लावून घ्यावं असा माणूस. आता रात्री एकपर्यंत मोबाइल, सकाळी साडेनऊला उठणं, अकराला नाश्ता, बीपीची गोळी दिवसाआड विसरतात. मी बोलले की भांडण होतं. काय करावं? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : वहिनी, हे पत्र माझ्या बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मुद्दाम.

आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लावली होती, त्यात मीही. म्हणून 31 मेला निवृत्त झालो. दुसरा दिवस 1 जून, एसटीचा वर्धापनदिन. 1948 साली याच तारखेला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. दर वर्षी त्या दिवशी मी सकाळी सहाला स्टँडवर तोरण बांधायला हजर असायचो. त्या वर्षी साडेआठपर्यंत लोळत पडलो आणि फार बरं वाटलं. महिनाभर बरं वाटलं. दिवाळीपर्यंत माझी अवस्था तुमच्या यजमानांसारखी झाली होती. दाढी तीन-तीन दिवस नाही, दुपारी झोप, रात्री डोळे टक्क उघडे. 31 वर्षं माइकवरून लोकांना वेळ सांगणारा माणूस बायकोला विचारायचा, आज वार कुठला? ती म्हणाली, ‘तुमची शिस्त एसटीची होती, बॅज-बिल्ल्याबरोबर डेपोत जमा करून आलात.’ मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

नोकरीत आपण शिस्तीचे असतो असं वाटतं, पण तिथं कोणीतरी आपली वाट बघत असतं. बँकेत काउंटरबाहेर रांग, माझ्याकडे फलाटावर माणसं. घरी वाट बघणारं कोणी नसेल तर उठायचं कशासाठी? म्हणून तुम्ही त्यांना वेळापत्रक देऊ नका, वाट बघणारा माणूस द्या. माझ्या बाबतीत तो शेजारच्या आजोबांचा पेपर होता. त्यांना जिना उतरवत नाही. मी सहाच्या सुमारास स्टँडवर जातो, सकाळची गाडी सुटलेली बघतो (अजून राहवत नाही), दोन पेपर घेतो, एक त्यांच्या दारात टाकतो. एक दिवस गेलो नाही तर त्यांचा फोन आला, तब्येत बरी आहे ना? तेव्हापासून चुकवायची सोय राहिली नाही. तुमचे यजमान बँकेतले. वस्तीत दहा म्हातारी माणसं असतील ज्यांना पासबुक, हयातीचा दाखला, केवायसी यातलं काही उमगत नाही. सकाळी दहा ते अकरा त्यांच्यासाठी बसा म्हणावं, आणि पहिला माणूस तुम्हीच गाठून आणा.

गोळीचं सोपं आहे. ती ड्रॉवरमध्ये असेल तर विसरणारच. आमच्याकडे गोळ्यांची स्ट्रिप चहापत्तीच्या डब्याच्या झाकणाला रबरबँडनं बांधलेली असते. सकाळचा चहा मीच करतो. झाकण उघडायचं तर हात स्ट्रिपलाच लागतो. गोळी नाश्त्याआधी की नंतर, ते मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. त्याप्रमाणे तो रबरबँड चहाच्या डब्याला लावायचा की भाकरीच्या, ते ठरेल.

मोबाइलवरून भांडू नका. सकाळी लवकर उठायला लागले की रात्री आपोआप डुलक्या येतात.

*

प्रश्न : सवयींचा हिशेब ठेवायला कुठलं अ‍ॅप चांगलं? मी तीन वापरून सोडली.

उत्तर : तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय असेल. दुधाचा खाडा त्यावर कसा लिहिता? दूध आलं त्या दिवशी काही लिहीत नाही, नाही आलं त्या दिवशी चौकोनात ‘खा’ करतो. तसंच करा. केलेल्या दिवसांना टिकमार्क नको, फक्त खाडे मांडा. महिनाअखेरीस एका नजरेत दिसतं, आणि खाडे गुरुवारीच जास्त पडत असतील तर गुरुवारी नेमकं काय असतं तेही कळतं. माझे पडायचे. गुरुवार आमच्याकडे बाजाराचा वार.

पेन मात्र दोऱ्यानं कॅलेंडरच्या खिळ्याला बांधून ठेवा. आमचं नातू पळवतो.