थंडीत रेंज कुठे जाते, आणि घरच्या चार्जरची सबसिडी

प्रश्न: उन्हाळ्यात माझी ईव्ही फुल चार्जवर ४०० किमी आरामात जायची, आता पारा शून्याखाली गेला तर २७० ला जीव जातोय. बॅटरी गेली का माझी? पहिलीच इलेक्ट्रिक गाडी आहे, झोप उडालीये.

उत्तर: नाही हो, बॅटरी गेलेली नाही, ऊन पडायला लागलं की रेंज परत येईल. थंडीत सेलच्या आतलं इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रव घट्टसर होतं, आयन हळू सरकतात, त्यामुळे आतला रेझिस्टन्स वाढतो आणि थोडी एनर्जी तिथेच जाते. पण खरा खादाड आहे तो हीटर! पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णताच केबिन गरम करते, इथे मोटर इतकी कमी तापते की सगळी ऊब बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये ५ गाड्या उणे ७ अंशाला तपासल्या होत्या, हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के कमी झाली आणि चालू केल्यावर ४१ टक्के, म्हणजे फरक कुठून येतो ते बघा. तुमची घट त्या मानाने कमीच म्हणायची.

म्हणून सीट हीटर आणि स्टिअरिंग हीटर आधी लावा, ते अगदी थोडे वॅट खातात, केबिन हीटर मात्र सुरुवातीला काही किलोवॅट ओढतो. गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं यंत्र) असेल तर तेवढ्याच उबेला वीज बरीच कमी लागते. छोट्या छोट्या फेऱ्या सगळ्यात महाग पडतात कारण दर वेळी थंडगार केबिन पहिल्यापासून तापवायची, तर जमेल तेवढी कामं एकाच फेरीत उरका. आणि टायरमधली हवा बघा, थंडीत प्रेशर उतरतं आणि आपल्या लक्षातही येत नाही.

प्रश्न: घरी साध्या सॉकेटवर भागतंय, पण चार्जर बसवायला सबसिडी मिळतेय असं कळलं. घ्यावा का?

उत्तर: तुमच्याकडे कडक थंडी पडत असेल तर मी म्हणेन नक्की घ्या. २३० व्होल्टला १० अँपियर म्हणजे २.३ किलोवॅट, त्यातला बराच भाग गार बॅटरी गरम करण्यातच जातो आणि सकाळी बघावं तर काटा फारसा हललेला नाही. ३२ अँपियरचा चार्जर ७.४ किलोवॅट देतो, बॅटरी तापवूनही भरायला पुष्कळ उरतं. फक्त आधी घराचा मंजूर लोड इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

सबसिडीचं म्हणाल तर ऑर्डर द्यायच्या आधी अटी वाचा, प्लीज. अर्ज चार्जर बसवायच्या आधी करायचा की नंतर, ठरलेल्या यादीतलंच मॉडेल हवं का, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचंच बिल लागतं का, भाड्याच्या घराला चालते का, हे सगळं योजनेनुसार बदलतं आणि एक अट चुकली की पैसे अडकतात. पैसे आधी मिळतात, नंतर परत येतात की टॅक्समधून वजा होतात तेही विचारा, कारण टॅक्समधली सूट टॅक्स भरणाऱ्यालाच उपयोगी.

प्रश्न: रात्रीचा स्वस्त दर घेतलाय, गाडी मध्यरात्रीच फुल होते आणि सकाळपर्यंत गारठते. काय करू?

उत्तर: बऱ्याच गाड्यांत डिपार्चर टाइमची सेटिंग असते, त्यात निघायची वेळ टाका म्हणजे चार्जिंग उशिरा सुरू होऊन निघायच्या जरा आधी संपतं आणि बॅटरी कोमट राहते. स्वस्त दर त्याआधीच संपत असेल तर चार्जिंग त्या वेळेत उरकू द्या, पण प्लग काढू नका, आणि निघायच्या २०-३० मिनिटं आधी प्रीकंडिशनिंग, म्हणजे केबिन आणि बॅटरी आधीच तापवणं, लावा. तेवढ्या विजेला दिवसाचा दर पडला तरी पडू दे, कारण ती ऊब भिंतीवरच्या प्लगमधून येते, तुमच्या रेंजमधून नाही. बॅटरी गरम असली की रिजनरेटिव्ह ब्रेकिंगही (वेग कमी करताना बॅटरीत परत वीज भरणं) निघाल्यापासून मिळतं, नाहीतर गार सेल पटकन चार्ज घेत नाहीत म्हणून गाडीच ते आवरून धरते.