आलेखावरून असमानता ओळखताना

आलेखात दोन रेषा आणि रंगवलेला भाग दिलाय आणि त्याच्या असमानता पर्यायांतून निवडायच्यात, तर पर्याय आधी वाचूच नकोस, गोंधळ तिथेच होतो. एकेक रेषा सुटी घे. समज, एक तुटक रेषा (०, ४) आणि (२, ०) मधून जातेय. चढ उणे २, म्हणजे समीकरण २क्ष + य = ४. तुटक आहे, म्हणून चिन्ह नुसतं < किंवा >. सलग असती तर बरोबरीसकट.

आता दिशा. ‘वर रंगवलंय म्हणजे मोठं’ या ठोकताळ्यापायी मी बरेच गुण घालवलेत. य डावीकडे एकटा आणि त्याचा सहगुणक धन असेल तरच हा ठोकताळा चालतो. त्यापेक्षा आरंभबिंदू (०, ०) समीकरणात घालून बघ. तो रंगवलेल्या भागात असेल तर ० < ४, म्हणून २क्ष + य < ४. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर तिच्यावर नसलेला दुसरा कुठलाही बिंदू घे. दुसऱ्या रेषेलाही हेच.