वीज आणि मोबाईल

प्रश्न: परवा रात्री एवढं वादळ झालं की खिडकीच्या काचा थडथडत होत्या, लाईट गेले, आणि आई म्हणे मोबाईल बंद कर, वीज पडेल. खरंच का हो?

उत्तर: नाही हो, मोबाईल वीज ओढत नाही, फक्त चार्जिंगला लावून बोलू नका, कारण वीज वायरीतून, नळाच्या लोखंडी पाइपातून घरात येऊ शकते, म्हणून तेवढा वेळ अंघोळही नकोच. चमकल्यावर सेकंद मोजा, 3 सेकंदांनी गडगडलं तर वीज साधारण 1 किलोमीटरवर, 30 सेकंदांच्या आत गडगडलं तर सरळ घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आतच (हे कुणी पाळत नाही, पाऊस थांबला की लगेच गच्चीवर!). काचा थडथडतायत म्हणजे खिडकीपासून लांब बसा. सकाळी तुटलेली वायर दिसली तर काठीनेसुद्धा सरकवू नका, वीज कंपनीला कळवा.